कानाकडे बघणाऱ्या बाई

बाई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. त्या त्याच्या कानाकडे बघून बोलत. माझ्या बाबतीत डाव्या कानाच्या जरा वर, चष्म्याची काडी अडकते तिथे. त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा पहिले आठ दिवस मी खोलीत जाऊन आरशात कान तपासायचो. साबण राहिला असेल, केस वाढले असतील, काहीतरी असेलच. काही नव्हतं. मग मी पुण्याच्या माणसाला शोभेल असा निष्कर्ष काढला, की बाई शिष्ट आहेत.

गावातल्या मराठी मंडळींचंही तेच मत होतं. न्यूझीलंडमधल्या ह्या पामर्स्टन नॉर्थमध्ये तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या बहुतेक घरांतलं एक तरी पोर रविवारी सकाळी बाईंकडे बाराखडी शिकलेलं. म्हणून त्या सगळ्यांच्याच 'बाई'. नाव कुणी घेत नसे. "रिटायर झाल्यापासून फारच झालंय हं त्यांचं," एक वहिनी मला म्हणाल्या होत्या. "मी समोर उभी, आणि ह्या बघतायत माझ्या झुमक्याकडे. क्लासही बंद केला, कारण सांगायला नको?"

मी त्यांचा भाडेकरू. घरामागच्या परसात एक सुटी खोली होती, इकडे तिला स्लीपआउट म्हणतात. तिच्यात मी, माझा लॅपटॉप आणि एक कुरकुरणारा हीटर. वय चौतीस, काम सॉफ्टवेअरचं, व्यायाम शून्य. बाई सहासष्ट वर्षांच्या, अंगाने काटकुळ्या, आणि रोज सकाळी नदीकाठच्या वाटेने पंधरा किलोमीटर सायकल. पामीचा, म्हणजे पामर्स्टनचा, वारा ज्याने अंगावर घेतलाय त्याला ह्या वाक्यातला पराक्रम कळेल. मोटार त्यांनी विकून टाकली होती. "सपाट गाव आहे, गाडी कशाला हवी," असं म्हणायच्या.

शिकायला म्हणून त्या नगर जिल्ह्यातून इथे आल्या, आणि बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत लागल्या त्या तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच, तर "वेळ नाही मिळाला" असं उत्तर यायचं, आणि ते खरं वाटायचं. तीस वर्षं त्या रोज आठ तास सूक्ष्मदर्शकाखाली गवताचं बी पसरून चिमट्याने एकेक दाणा बाजूला करत बसल्या. ह्या देशाचा सगळा संसार गवतावर. गवतावर गाय, गायीवर दूध, दुधावर बाकीचं. त्यामुळे बाहेरून आलेल्या पोत्यात नको त्या तणाचा एक दाणा असला तरी पुढची पन्नास वर्षं शेतकरी कपाळाला हात लावणार. तो एक दाणा शोधणं हे बाईंचं काम.

एकदा एका मोठ्या मालाचा नमुना दोघांनी पास केला होता. बाईंनी तिसऱ्यांदा बघितला आणि मोहरीहून बारीक असा एक काळा दाणा चिमट्यात धरून वर काढला. सगळा माल अडकला. माल मागवणारा गृहस्थ तावातावाने भांडायला आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि म्हणाल्या, तूच शोध. दोन तासांनी तो माफी मागून गेला. ही गोष्ट मला बाईंनी नाही सांगितली, त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने सांगितली, आणि सांगताना त्याचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला होता.

"नीट बघ. परत बघ. मग बोल." हे त्यांचं वाक्य. प्रयोगशाळेतही तेच, बाराखडीच्या वर्गातही तेच. पोरांनी 'भ' आणि 'म'मध्ये घोळ घातला की हेच. मी डेअरीतून दूध आणायला गेलो आणि "हिरव्या झाकणाचं संपलंय" म्हणत हात हलवत परत आलो, तेव्हाही हेच. मी पुन्हा गेलो. हिरव्या झाकणाचं दूध मागच्या रांगेत होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. हात घालायचा आणि ओळखायचं. संध्याकाळी कधी चहाला बोलावलं की मला डोळे मिटायला लावायच्या आणि तळहातावर पाच दाणे ठेवायच्या. मेथी, तीळ, ओवा, जिरं, मोहरी. "सांग." मी ओवा आणि जिऱ्यात हमखास आपटायचो. मग त्या स्वतः डोळे मिटून हात पुढे करायच्या, मी फडताळातलं काहीबाही ठेवायचो, आणि एकही दाणा त्यांचा चुकत नसे. मला वाटायचं, म्हातारीला करमणूक हवी आहे.

तर एका संध्याकाळी ह्याच बाईंनी माझ्या कानाकडे बघत विचारलं, "सायकल येते ना तुला?"

"सातवीत यायची."

"मग येते. मे महिन्यात सार्डिनियाला चल."

सार्डिनिया म्हणजे इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रातलं बेट, हे मला नंतर फोनवर शोधावं लागलं. आठ दिवसांची सायकलची सहल. त्यांच्याबरोबर त्यांची एक किवी मैत्रीण जाणार होती, तिच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. ती जागा माझ्या गळ्यात.

"तिथे काय आहे बाई?"

त्या आत गेल्या आणि एक पिवळट पडलेलं कागदी पाकीट घेऊन आल्या. रिकामं होतं. आत कधीकाळी क्लोव्हरचं बी होतं. क्लोव्हर म्हणजे कुरणात गवताबरोबर वाढणारं तीन पानांचं रोप, दिसायला मेथीची धाकटी बहीण. फार वर्षांपूर्वी त्यांच्या एका साहेबांनी सार्डिनियाच्या एका खेड्याबाहेरून ते बी आणलं होतं, रीतसर परवानगीने. तो वाण जिवंत ठेवायचं काम बाईंकडे आलं. दर काही वर्षांनी पेरायचा, वाढवायचा, बी धरायचं, पाकिटात भरायचं. तीस वर्षं. पाकिटावर साहेबांच्या अक्षरात जागा लिहिलेली होती: खेड्याचं नाव, आणि पुढे, छोट्या चॅपलची दगडी भिंत, रस्त्याची डावी कड, समुद्र दिसतो तिथे.

"कुंडीत हजारदा बघितलंय मी ह्याला," बाई म्हणाल्या. "पण कुंडीत म्हणजे पाहुणा. एकदा त्याच्या घरी बघायचंय."

एवढंच. बाकी काही नको होतं त्यांना, समुद्रात डुंबणं नाही, देवळं नाहीत. मी हो म्हटलं, कारण त्या आवाजाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

अटी मात्र होत्या. पुढे सतत मी राहायचं. वळण, खड्डा, चढ, उतार, सगळं मोठ्याने मराठीत ओरडून सांगायचं. आणि अंगात रस्त्यावरचे कामगार घालतात तसलं भडक पिवळं हाय-विझ जाकीट, जेवायच्या वेळेखेरीज काढायचं नाही.

"बाई, आपण सुट्टीला चाललोय का रस्ता खणायला?"

"घालशील ना?"

"घालतो."

"स्वीट ॲज," बाई म्हणाल्या. इकडचं 'झकास' हे, पण त्या ते अगदी नगरच्या उच्चारात म्हणायच्या.

निघायच्या आधी दोन दिवस आम्ही अंगणात बसून सायकली घासल्या. टूथब्रशने. चाकांच्या खाचा, पेडलच्या फटी, बुटांचे तळवे. न्यूझीलंडमध्ये परत येताना चिखल, बी, काडीकचरा काहीही चालत नाही, विमानतळावर सायकल उलटीपालटी करून बघतात, हे मला ठाऊक होतं. पण आपण तर जात होतो. "मग आपली घाण त्यांच्या दारात टाकायची होय?" बाई म्हणाल्या, आणि माझ्या मोज्यांच्या शिवणीत बोटं फिरवून त्यांनी गवताचं एक कुसळ काढून दाखवलं.

सार्डिनियात पहिले तीन दिवस मी देवाचं नाव घेत सायकल चालवली. तिथे वाहनं उजवीकडून. पुण्यात डावीकडून, इथे डावीकडून, आणि चौतिसाव्या वर्षी एकदम उजवीकडून. मांड्या पेटलेल्या. दोन्ही बाजूंना दगडांच्या बुटक्या भिंती, फड्या निवडुंग, साल सोलून लाल बुंधा उघडा पडलेली बुचाची झाडं, आणि वळण घेतलं की एकदम खाली निळा समुद्र. मी बघत कुठे होतो? मी ओरडत होतो. "बाई, खड्डा! बाई, मेंढ्या! बाई, मागून ट्रक!" दुपारी पापडासारखी कडक, पातळ भाकरी आणि मेंढीच्या दुधाचं चीज खायला बसलो की माझा घसा बसलेला असायचा. बाई दर वेळी रस्त्याच्या कडेला बसकण मारायच्या, हाताला येईल ते रोप चाचपायच्या आणि ओळख करून द्यायच्या. "हे आपल्याकडचं राय-गवत. हे कॉक्सफूट. पामीभोवतीच्या मॅनावाटूतल्या अर्ध्या कुरणांचं माहेर आहे रे हे." असं म्हणताना त्या बघायच्या भलतीकडेच. मला वाटायचं, आठवणीत रमल्या.

चौथ्या दिवशी ते खेडं गाठायचं होतं. सकाळपासून चढ, डोक्यावर ऊन. त्या पिवळ्या जाकिटात माझी उकड काढली जात होती. एका सावलीत पाणी प्यायलो तेव्हा मी ते काढून मागच्या कॅरिअरला बांधलं. बाईंना सांगितलं नाही. आत माझा शर्ट होता राखाडी, रस्त्याच्याच रंगाचा. पुढे थोडा उतार लागला, वारं लागलं, फार बरं वाटलं, आणि त्या आनंदात मी एक वळण ओरडून सांगायचं विसरलो.

मागे आवाज झाला. आधी सायकलचा, मग बाईंचा.

मी पळत मागे आलो. वळणावर बाई सरळ गेल्या होत्या. भिंतीला एक खिंडार होतं, त्यातून सायकल पलीकडच्या निवडुंगात, आणि बाई अलीकडे दगडावर बसलेल्या. गुडघा फुटलेला, उजवा तळहात काट्यांनी भरलेला. रडणं नाही, ओरडणं नाही. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि पहिला प्रश्न विचारला, "जाकीट का काढलंस?"

"उकडत होतं म्हणून. पण त्याचा इथे काय संबंध?"

"मग मी कुणाच्या मागे येणार?"

मला काहीच कळलं नाही. बाईंनी कंबरेच्या पिशवीतून प्रयोगशाळेतला चिमटा काढून माझ्या हातात दिला. मी काटे काढत बसलो आणि त्या सांगत गेल्या, दुसऱ्या कुणाचा आजार सांगावा तशा.

"मधलं गेलंय. दोन्ही डोळ्यांत. ज्याच्याकडे बघते तेवढंच दिसत नाही, डाग आहे तिथे. बाजूचं दिसतं. दोन वर्षं होतील. सूक्ष्मदर्शकातून काही दिसेना, तेव्हा मीच म्हटलं, आता घरी जावं. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तुझं तोंड पुसलं जातं. कानाकडे बघितलं की मग नाक, ओठ, थोडं थोडं येतं."

एकेक काटा निघत होता आणि एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर पडत होती. विकलेली मोटार. बंद झालेला क्लास. बिनचिठ्ठीचे डबे. डोळे मिटून ओळखायचे दाणे. कौन्सिलचं पत्र आलं की "ह्यांचं इंग्लिश मला कळत नाही, वाच जरा" म्हणून माझ्यापुढे टाकलेला कागद. आणि त्या वहिनींचे झुमके. बाई इतकी दोन वर्षं प्रत्येकाला नीट बघायची धडपड करत होत्या, आणि आम्ही सगळे त्यांना शिष्ट म्हणत होतो.

मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, तसा तो आला.

"मला सांगितलं का नाही तुम्ही? ट्रक आला असता तर? मी काय तोंड दाखवलं असतं लोकांना?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

"नसतं आणलं!"

"मग?" बाई म्हणाल्या. "डाग वाढतोय. पुढच्या मे महिन्यात बाजूचं तरी किती राहील, डॉक्टर सांगत नाही. किती किलोमीटर राहिले?"

"अकरा. आणि सगळा चढ. मी टॅक्सी बोलावतोय."

"चढ आहे ना? मग पडले तरी हळू पडेन."

मी निवडुंगातून त्यांची सायकल ओढून काढली, चाक हाताने सरळ केलं आणि ते जाकीट अंगात घातलं. त्यांनी उजव्या हाताला रुमाल गुंडाळला. आम्ही निघालो.

त्या अकरा किलोमीटरांबद्दल मला नीट लिहिता येत नाही. शाळेत कधी कविता म्हटली नसेल तेवढ्या मोठ्याने मी रस्ता म्हणत होतो. "डावं वळण, बाई! सरळ! अजून सरळ! आता दगड आहे, उजवीकडून या!" एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून आमची वरात बघत उभा राहिला. आणि मागून दर वेळी एकच शब्द यायचा, "आले!" दमलेला, पण खणखणीत. सहासष्ट वर्षांची बाई, फुटलेला गुडघा, समोर जगाच्या मध्यभागी एक डाग आणि त्याच्या कडेला हलणारा एक पिवळा ठिपका. एवढ्या भांडवलावर ती डोंगर चढत होती.

चॅपल सापडलं. एका खोलीचं, पांढरं. त्याची दगडी भिंत, रस्त्याची डावी कड, आणि खाली समुद्र. साहेबांनी लिहिलं होतं तसंच सगळं. भिंतीखाली मेंढ्यांनी कुरतडलेला हिरवा पट्टा होता.

"आता तू बघ," बाई म्हणाल्या. "पानावर फिकट पांढरी चंद्रकोर असेल. आणि कोरीच्या आत तपकिरी ठिपका."

मी गुडघ्यांवर बसलो. पहिल्याच फटक्यात म्हटलं, "हे आहे."

"ठिपका आहे?"

"ठिपका... नाही."

"नीट बघ. परत बघ. मग बोल."

अर्धा तास मी त्या भिंतीखाली रांगत होतो. दहा जातींचं क्लोव्हर निघालं तिथे. कुणाला नुसती कोर, कुणाला नुसता ठिपका, कुणाला काहीच नाही. बाई सावलीत बसून होत्या. घाई नाही की विचारणा नाही. शेवटी भिंतीच्या अगदी मुळाशी, एका दगडाच्या आडोशाला, मला ती जोडी दिसली. चंद्रकोर, आत ठिपका. मी दुसरं पान बघितलं. तिसरं बघितलं. मग बोललो.

"बाई. आहे."

त्या उठल्या, आल्या, आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी त्यांचा डावा हात धरून पानांवर ठेवला. त्यांनी मान वळवली आणि समुद्राकडे बघायला लागल्या.

"बाई, इकडे आहे. खाली."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तिकडे बघतेय."

बाई समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या, मान अगदी किंचित इकडे तिकडे हलवत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते पान त्यांच्या डोळ्याच्या कडेला कुठेतरी येत होतं. कोर आली असावी. मग ठिपका. त्या हसल्या. मी माझ्या आयुष्यात कुणाला इतक्या कष्टाने आणि इतक्या मनापासून काही बघताना पाहिलेलं नाही. मला दोन धडधाकट डोळे आहेत, आणि त्यांनी मी काय काय न बघता सोडून दिलं, हा हिशोब मी तिथे मनात मांडायला घेतला आणि सोडून दिला.

"बरा आहेस ना?" बाईंनी त्या रोपाला मराठीत विचारलं.

मग त्यांनी बोटांनी मुळाशी माती उकरली. ह्या क्लोव्हरची एक तऱ्हा आहे. त्याचं फूल कोमेजलं की देठ खाली वाकतो आणि बोंड स्वतःच मातीत घुसवतो. स्वतःचं बी स्वतः पेरतो. "कुणाच्या डोळ्यांवर अवलंबून नाही बघ," बाई म्हणाल्या आणि मातीतलं एक काटेरी गोल बोंड माझ्या बोटांना लावून दाखवलं. मग त्यांनी ते परत होतं तिथे ठेवलं आणि वर माती ओढली.

आता माझा गुन्हा. बाई सायकलीकडे वळल्या तेव्हा मी एक बोंड उचललं आणि मोज्यात घातलं. वाटलं, पामीला पोचल्यावर त्यांच्या हातात ठेवीन, बोटांनी ओळखतील, केवढ्या खूश होतील. दुष्ट हेतू असा काही नव्हता, पण मूर्खपणाला हेतू लागतोच असं नाही.

संध्याकाळी, अजून ऊन होतं तेव्हा, त्या खेड्यातल्या पाहुण्यांच्या घराच्या अंगणात आमचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. टूथब्रश, बूट, चाकं. मी पाणी आणायला गेलो आणि परत आलो तर बाईंच्या मांडीवर माझा मोजा आणि चिमटीत ते बोंड. त्या ओरडतील असं वाटलं. ओरडल्या नाहीत.

"माझ्यासाठी घेतलंस ना?"

"हो."

"कळलं मला." थोडा वेळ त्या ते बोंड बोटांत फिरवत राहिल्या. सोडवत नव्हतं त्यांना, ते दिसत होतं. "तीस वर्षं मी दारात बसून हेच अडवलं रे. आता माझ्याच हाताने त्याच दारातून आत कसं नेऊ?"

आणि मग माझ्या कानाकडे बघत, "जा. होतं तिथे ठेवून ये. बोटाच्या एका पेराइतकं खोल."

मी चालत गेलो. चॅपलची भिंत, तो दगड, एक पेर खोल. वर माती सारखी केली. एका बोंडासाठी मी एवढा गंभीर कधी होईन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ऑकलंडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने आमच्या सायकली उलट्या केल्या आणि शीळ घातली. "किया ओरा, इतक्या स्वच्छ सायकली महिन्यात बघितल्या नाहीत," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि जायची खूण केली. बाई हलल्या नाहीत. "परत बघ," त्यांनी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. बिचाऱ्याने परत बघितल्या.

त्यानंतर बाईंनी सायकल स्वतःहून बंद केली आणि परसात भिंतीला टेकवून ठेवली. मी वहिनींना जाऊन झुमक्यांचा खुलासा केला. त्या डोळ्याला पदर लावून बसल्या, आणि पुढच्या रविवारपासून दोन मुलं बाईंकडे पुन्हा येऊ लागली. बाई आता हवेत बोटांनी अक्षरं काढायच्या. मुलं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, पण अक्षरं बरोबर काढायची. पत्रं मी वाचून दाखवायचो, उघड उघड. संध्याकाळी हात पुढे करायचो तेव्हा आता मीही डोळे मिटून ओवा ओळखत होतो.

दीड वर्षाने मला ऑकलंडला नोकरी लागली, तिथल्याच टाकानिनी भागात घर घेतलं. निघायच्या दिवशी गाडी भरून झाली तेव्हा बाई फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. डाग बराच वाढला होता, पण किती ते त्या कधी सांगत नसत. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं, मग आणखी पलीकडे, कुंपणाकडे. पूर्वीपेक्षा खूप बाजूला बघावं लागत होतं. त्यांचं बघून होईपर्यंत मी हललो नाही.

"एक काम कर," त्या म्हणाल्या. "ते जाकीट घाल आणि डेअरीतून मला दोन बाटल्या दूध आणून दे. मी इथूनच बघते, कुठवर दिसतोस."

डेअरी रस्त्याच्या टोकाला, तीनेकशे पावलांवर. भर दुपारी ते पिवळं जाकीट घालून मी चालत गेलो, मधूनमधून मागे बघत. बाई फाटकाला धरून उभ्या होत्या. हिरव्या झाकणाच्या दोन बाटल्या घेतल्या, एकेक एकेका हातात, आणि डेअरीच्या दारात त्यांच्याकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिलो. मग परत आलो.

"कुठवर दिसलो, बाई?"

"अगदी शेवटपर्यंत," बाई म्हणाल्या. "डेअरीतून बाहेर आलास आणि हात केलास ना, तोसुद्धा दिसला."

दूध अजून माझ्या दोन्ही हातांत होतं. न बघता आयुष्यात कधी एक शब्द बोलली नाही ती बाई, आणि ती माझ्या कानाच्या कितीतरी पलीकडे बघत हसत होती.

"हो बाई," मी म्हटलं. "केला होता."